एक्सएमएल तपासायला कोणता स्कीमा घ्यावा? डीटीडी, एक्सएसडी की रिलॅक्स एनजी?

शाईपेन
नमस्कार मंडळी,
आमच्या गावच्या वाचनालयात १९२८ ते १९४१ या काळातल्या एका मासिकाचे ११८ अंक सापडले. चार अंक वाळवीने खाल्ले, बाकीच्यांचं स्कॅनिंग उन्हाळ्यात उरकलं. आता मजकूर टंकून एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक भागाला त्याच्या नावाची खूण लावून, ठेवतोय. टंकणारे तिघे आहेत: दोन निवृत्त शिक्षिका आणि कॉलेजात जाणारा एक मुलगा. त्यांना पटकन कळाव्यात म्हणून खुणा मुद्दाम मराठीत ठेवल्या. अंक, लेख, शीर्षक, लेखक, परिच्छेद, कडवे, ओळ, तळटीप, जाहिरात अशा.

अडचण अशी की तिघांच्या तीन तऱ्हा. एकीने आधी लेखक आणि मग शीर्षक लिहिलं, दुसरीने उलटं. मुलाने कवितेतही परिच्छेदच घातले. कुणी 'तळटीप' लिहितं, कुणी 'टीप'. १२ अंक झाल्यावर माझ्या हे लक्षात आलं. ते हाताने दुरुस्त करायला दोन आठवडे गेले. म्हणून फाइल आली की लगेच तपासून चूक दाखवणारा स्कीमा, म्हणजे कुठे काय चालेल याची नियमावली, हवाय. शोधायला गेले तर स्कीमा लिहायच्या डीटीडी, एक्सएसडी, रिलॅक्स एनजी अशा तीन-चार भाषा समोर आल्या आणि प्रत्येकीचे समर्थक दुसरीला नावं ठेवतात. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा, मी काय घेऊ?

बिनधास्त
जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत माहिती लिहायची पद्धत) का नाही? आता सगळे तेच वापरतात.

जुनाखोड
@बिनधास्त, खतावणीतल्या नोंदी असत्या तर मीही जेसनच सुचवलं असतं. पण इथे वाक्याच्या मध्येच एक शब्द तिरपा येतो, पुढच्या शब्दावर तळटीपेचा तारा असतो आणि त्याच वाक्यात पान बदलतं. असा वाहता मजकूर जेसनमध्ये कोंबला की तुकडे तुकडे होतात. शाईपेनताईंनी एक्सएमएल घेतलं ते बरोबरच आहे.

मूळ प्रश्नाबद्दल: मी छपाईच्या धंद्यात एसजीएमएलच्या, म्हणजे एक्सएमएलच्या पूर्वजाच्या, काळापासून आहे. १९८६ साली एसजीएमएलचं आयएसओ मानक आलं, डीटीडी त्याच घरातली. १९९८च्या फेब्रुवारीत एक्सएमएल १.० आलं तेव्हा ती सोबत आली. ११८ अंकांच्या कामाला दीड पानाची डीटीडी पुरते. कशाच्या आत काय, किती वेळा, कोणत्या क्रमाने, एवढंच सांगायचं. अर्ध्या तासात शिकाल.

खटपट्या
डीटीडीला माझा स्पष्ट विरोध. कारणं तीन. एक, तिला तारीख, आकडा, लांबी कळत नाही. सगळा मजकूर तिच्या लेखी सारखाच. दोन, नेमस्पेस (एकाच नावाच्या दोन ठिकाणच्या खुणा वेगळ्या ठेवायची सोय) कळत नाही. तीन, सुरक्षितता. फाइलीच्या डोक्यावर डीटीडी स्वीकारायची म्हणजे एंटिटी (मोठ्या मजकुराच्या जागी वापरायची छोटी नावं) स्वीकारायच्या. 'बिलियन लाफ्स' प्रकार शोधून वाचा. एका एंटिटीत दुसरी दहा वेळा, तिच्यात तिसरी दहा वेळा, असं करत एक केबीपेक्षा लहान फाइल उलगडताना काही जीबी मेमरी खाते. आमच्याकडे बाहेरून आलेल्या फाइलीत डॉकटाइप (डीटीडी जोडणारी ओळ) दिसला की ती दारातूनच परत जाते.

एक्सएसडी घ्या. मी बँकांच्या संदेशांवर काम करतो. आपल्याकडची आरटीजीएस ऑक्टोबर २०१३पासून आयएसओ २००२२ या बँक-संदेशांच्या मानकावर चालते आणि त्या संदेशांचे स्कीमा एक्सएसडीतच मिळतात. जावा आणि डॉटनेट दोन्हींत आधार आहे, एडिटर सूचना देतो, क्लासेस आपोआप तयार होतात. ज्याच्यामागे अख्खी इंडस्ट्री उभी आहे ते सोडून आडवाटेने कशाला जायचं?

दूरदेशी
खटपट्या, तुमच्या कामाला एक्सएसडी योग्यच आहे, त्यावर वाद नाही. पण शाईपेनताईंचं काम निराळं आहे. त्यांच्याकडे संदेश नाहीत, पुस्तकासारखा मजकूर आहे.

मी गेली काही वर्षं जर्मनीत प्रकाशनाच्या कामात आहे. इथे मजकुरासाठी रिलॅक्स एनजी सर्रास दिसते. ती कुण्या हौशी माणसाचा उद्योग नाही. जेम्स क्लार्क यांची ट्रेक्स आणि मुराता माकोतो यांची रिलॅक्स या दोन भाषा एकत्र करून २००१मध्ये ती घडली आणि २००३मध्ये आयएसओ मानक झाली. डॉकबुक ५, ओपनडॉक्युमेंट, अ‍ॅटम फीड या सगळ्या फॉरमॅटांचे स्कीमा तिच्यातच लिहिलेत. ई-पुस्तकांच्या ईपब फाइली तपासणारं ईपबचेकही आतून तीच वापरतं.

आता ताईंच्याच उदाहरणावर येऊ. शीर्षक आधी की लेखक आधी, याने काही बिघडत नाही. दोन्ही असले म्हणजे झालं. आणि लेखक एकाहून जास्त असू शकतात. रिलॅक्स एनजीच्या आटोपशीर लिखाणात हे असं लिहितात:

(शीर्षक & लेखक+), (परिच्छेद | जाहिरात | तळटीप)+

मधल्या & चा अर्थ 'कोणत्याही क्रमाने'. हेच एक्सएसडी १.०मध्ये करून पाहा. तिथल्या 'ऑल' (कोणत्याही क्रमाच्या) गटात प्रत्येक घटक (खूण आणि तिच्यातला मजकूर) जास्तीत जास्त एकदाच येऊ शकतो आणि त्या गटाच्या मागे दुसरं काही जोडताही येत नाही. दोन लेखक आले की संपलं.

दुसरं, प्रकार कविता असेल तर आत कडवेच हवेत आणि प्रकार गद्य असेल तर परिच्छेद. रिलॅक्स एनजी गुणधर्म (खुणेच्या आतच लिहिलेली माहिती, जसं प्रकार) आणि घटक यांना एकाच पंक्तीला बसवते, त्यामुळे 'हा गुणधर्म आणि हे घटक, किंवा तो गुणधर्म आणि ते घटक' असं सरळ लिहिता येतं. त्या मुलाने कवितेत घातलेले परिच्छेद तिथल्या तिथे पकडले जातील. एक्सएसडी १.०ला हे जमत नाही.

खटपट्या
२०१२च्या एक्सएसडी १.१मध्ये जमतं. 'ऑल'ची बंधनं सैल झाली, गुणधर्म पाहून प्रकार बदलता येतो आणि 'असर्ट'ने नियमही लिहिता येतात.

दूरदेशी
जमतं, पण चालवणार कशावर? एक्सएमएल-लिंट हे तपासायचं साधन १.०पाशी थांबतं, डॉटनेटमधलं अंगभूत तपासनीस १.०पाशी थांबतं. १.१ हवं तर झर्सेसची जावा आवृत्ती किंवा सॅक्सनची पैसे मोजून मिळणारी. अख्खी इंडस्ट्री मागे उभी आहे ती १.०च्या मागे.

खटपट्या
हे मान्य. आम्हीही १.०वरच आहोत.

कोकणी_मेवा
माझा या क्षेत्राशी संबंध नाही, पण कालपासून सगळा धागा वाचतोय. रिलॅक्स एनजी नाव ऐकून वाटलं होतं की कुणी आरामखुर्ची विकतंय. चालू द्या, मजा येतेय.

शाईपेन
दूरदेशी, खटपट्या, जुनाखोड, मनापासून आभार. काल रात्री बसून एक्सएसडीचा प्रयोग केला. स्कीमा जमला, पण चूक दाखवताना आलेला संदेश पाहून आमच्या शिक्षिकाबाई गप्पच झाल्या. 'सीव्हीसी-कॉम्प्लेक्स-टाइप २.४.ए' अशी सुरुवात आणि पुढे तीन ओळी इंग्रजी. त्यांनी ३४ वर्षं मराठी शिकवलंय. त्यांना 'कवितेत परिच्छेद चालत नाही, कडवे घाला' एवढं मराठीत दिसलं तर त्या दिवसाला दोन अंक तपासतील. ही सोय कुठे आहे का?

कोकणी_मेवा
मला तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध वाटलं.

दूरदेशी
ताई, तुम्ही नेमक्या जागेवर आलात. त्यासाठी स्कीमाट्रॉन. रिक जेलिफ यांनी १९९९मध्ये तैपेईत असताना ती बनवली, २००६मध्ये आयएसओ मानक झाली. ती व्याकरण सांगत नाही, नियम सांगते. एक्सपाथने (फाइलीतली जागा दाखवायची भाषा) अट लिहायची आणि ती मोडली तर काय म्हणायचं ते तुमच्या शब्दांत लिहायचं. मराठीत लिहिलंत की मराठीत दिसेल.

त्यामुळे 'यातली कोणती एक' हा प्रश्नच थोडा बदला. युरोपात सरकारी खात्यांना पाठवायच्या ई-इनव्हॉइसचं मानक ईएन १६९३१. तिथे दोन थर असतात. आधी एक्सएसडी रचना पाहते, मग स्कीमाट्रॉन हिशोब पाहते. ओळींच्या रकमांची बेरीज एकूण रकमेशी जुळते का, हे दुसऱ्या थरातच कळतं.

खटपट्या
याला माझं पूर्ण अनुमोदन. बँकेत नेमकं हेच दुखणं आहे. पेमेंटच्या फाइलीच्या डोक्यावर व्यवहारांची संख्या आणि एकूण बेरीज असते. एक्सएसडी १.० बघते की बेरजेच्या जागी आकडा आहे. तो आकडा खालच्या व्यवहारांशी जुळतो का, याच्याशी तिला देणंघेणं नाही. आधीच्या एका नोकरीत मार्चअखेरीला एका ग्राहकाची फाइल एक्सएसडीतून सुखरूप पार झाली. बेरजेत ९० हजारांचा फरक होता. तो रात्री साडेअकराला तिसऱ्या सिस्टिमने पकडला आणि तोवर आम्ही सहा जण ऑफिसातच होतो. दुसऱ्या दिवशी बेरजेचा नियम वेगळा लिहून घेतला.

सांजवात
उशिरा येतेय, पण एक महत्त्वाची गोष्ट कुणीच बोललं नाही. देवनागरी.

मी टेस्टिंगमध्ये आहे. तीन सापळे सांगते, तिन्हींत पाय अडकलाय.

पिनकोडसाठी आमच्या एक्सएसडीत 'बॅकस्लॅश डी, सहा वेळा' असा पॅटर्न होता. सगळ्यांना वाटलं, सहा इंग्रजी आकडे. एका अर्जात ४११०३० असं देवनागरीत आलं आणि पास झालं! बघितलं तर एक्सएसडीत बॅकस्लॅश डीचा अर्थ युनिकोडमधला कोणताही दशमान अंक. देवनागरी चालतो, बंगाली चालतो, अरबी चालतो. पुढचा डेटाबेस मात्र तो अंक घेईना. एकाच लिपीचे अंक हवे असतील तर चौकटी कंसात तेच दहा अंक लिहा. आणि उलटंही लक्षात ठेवा. 'इंटिजर' प्रकार लावलात तर देवनागरी आकडे अजिबात चालणार नाहीत.

दुसरा सापळा लांबीचा. कमाल लांबी १० ठेवली की आपल्याला वाटतं १० अक्षरं. स्कीमा मोजतो युनिकोडची चिन्हं. 'ज्ञानेश्वर' आपल्या डोळ्यांना चार अक्षरं, स्कीमाला पूर्ण १०. पुढे 'राव' लावलंत की बाहेर. युटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइट मोजले तर नुसतं 'ज्ञानेश्वर' ३० होतं, ते पुन्हा निराळं.

तिसऱ्यावर माझा फार जीव जळलाय. नावाच्या रकान्यात आमचा पॅटर्न होता, 'अक्षरं, मात्रा आणि मोकळी जागा एवढंच चालेल'. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे अशी आडनावं कधी पास व्हायची, कधी नापास. एकाच आडनावाची दोन भावंडं, एकाचा अर्ज जातो, दुसऱ्याचा परत येतो. कारण आपला तो डोळ्यातल्या पापणीसारखा अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टंकला जातो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारखे. पण ते जोडचिन्ह अक्षरही नाही आणि मात्राही नाही, म्हणून पॅटर्न ते बाहेर फेकतो. ज्याने पॅटर्न लिहिला त्याने सगळी चाचणी 'पाटील' आणि 'जोशी' यांच्यावर केली होती.

शाईपेनताई, तुमच्या लेखकसूचीत हा घोळ होणार म्हणजे होणारच. एकच लेखक दोनदा दिसेल. आजच नियम घाला.

अक्षरजुळारी
सांजवात, टाळ्या! आमच्या डीटीपीच्या दुकानात जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलला की हमखास झेडडब्ल्यूजेवाला र येतो. मोबाइलवर टंकलेल्या मजकुरात मात्र बहुतेक वेळा ऱ दिसतो. शोधून सगळं एका तऱ्हेत आणायचं आणि मगच पानं लावायची, हा आमचा रोजचा नेम आहे. 'तऱ्हा', 'दऱ्या', 'सुऱ्या', 'बिचाऱ्या' सगळीकडे हाच खेळ.

बिनधास्त
अवांतर: माझं आडनाव यातलंच एक आहे. एका सरकारी फॉर्मवर ते सात वेळा टंकलं तरी 'अवैध अक्षर' येत होतं. शेवटी इंग्रजीत भरलं. कारण आज कळलं. सांजवात, खरंच आभार.

जुनाखोड
ताईंनी मराठी खुणा ठेवल्याचं मला फार बरं वाटलं. एक्सएमएलमध्ये ते पूर्ण वैध आहे. फक्त सांजवात म्हणतात तो धोका खुणांच्या नावांनाही आहे, म्हणून नावांत तसला र टाळा. आणि कडवे की कडवें, हे एकदाच ठरवून टाका. मासिक तुमचं जुनं, त्यात अनुस्वार भरपूर असणार. टंकणाऱ्याचा हात सवयीने खुणेवरही अनुस्वार देतो.

डीटीडीबद्दल खटपट्या म्हणाले त्यात तथ्य आहे. आणखी एक माझ्याकडून. डीटीडी असो की एक्सएसडी, तपासताना दर वेळी ती नेटवरून ओढू नका. २००८मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जाहीर सांगितलं होतं की त्यांच्याकडे दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात, त्याही वर्षानुवर्षं न बदललेल्या डीटीडींसाठी. कॅटलॉग फाइल (नेटवरच्या पत्त्याऐवजी आपली कोणती फाइल घ्यायची याची यादी) करा आणि स्कीमा आपल्याच फोल्डरात ठेवा. वाचनालयातलं नेट बंद असलं तरी काम अडणार नाही.

दूरदेशी
अजून एक सुचवतो. स्वतःचा स्कीमा शून्यातून लिहिण्याआधी टीईआय (मजकुरासाठी तयार खुणांचा संच) पाहाच. जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, नियतकालिकं यांसाठीच ते बनलंय, पी५ ही त्यांची चालू पिढी २००७पासूनची. त्यात ओडीडी नावाची एकच फाइल लिहायची, तिच्यातून रिलॅक्स एनजी, एक्सएसडी, डीटीडी तिन्ही निघतात आणि माहितीपत्रकही निघतं. खुणांना पर्यायी नावं देण्याचीही सोय आहे, म्हणजे मराठी नावं राहतील.

शाईपेन
टीईआय पाहिलं. भारावून गेले, पण त्यातल्या पाचशेहून जास्त खुणांतून २० निवडून ओडीडी लिहायला मला महिनाभर लागेल. दिवाळीआधी ४० अंक पुरे करायचेत. आत्ता आमच्या २० खुणांवर काम करते आणि प्रत्येक खूण टीईआयमधल्या कशाशी जुळते याचा तक्ता ठेवते, म्हणजे पुढे बदलता येईल.

आता जे झालं ते सांगते. रिलॅक्स एनजीत व्याकरण लिहिलं, ६३ ओळी. माझ्यासारखीला एका रविवारात जमलं. तपासायला जिंग वापरलं, ते ओळ आणि रकाना दोन्ही सांगतं. एक्सएमएल-लिंटही करून पाहिलं, पण त्याला आटोपशीर लिखाण वाचता येत नाही, आधी ट्रँगने एक्सएमएल रूपात बदलावं लागलं. नंतर कुणी एक्सएसडी मागितली तर तीही ट्रँग काढून देतं.

दूरदेशी
देतं, पण एक्सएसडीला जे सांगताच येत नाही तिथे ते नियम सैल करतं. मूळ प्रत रिलॅक्स एनजीचीच समजा.

शाईपेन
लिहून ठेवलं.
मग स्कीमाट्रॉनमध्ये सात नियम, संदेश सगळे मराठीत. सांजवातचा र पहिल्या क्रमांकावर. ४० फाइलींत २११ ठिकाणी सापडला!

एक नियम मात्र फसला. अंकावर शके आणि इसवी दोन्ही छापलेलं असतं. मी लिहिलं, 'फरक ७९पेक्षा जास्त किंवा ७८पेक्षा कमी असेल तर सांग'. मुद्दाम चुकीचं साल घालून पाहिलं तरी हा नियम गप्पच.

सांजवात
साल देवनागरी अंकांत आहे ना? एक्सपाथच्या नंबर फंक्शनला ते अंक कळत नाहीत, ते 'ही संख्या नव्हे' असं उत्तर देतं. संख्याच नसलेल्याची कशाशीही लहान-मोठी तुलना केली की उत्तर कायम 'नाही'. तुम्ही नियम 'रिपोर्ट'ने लिहिलाय, तो अट खरी ठरली तरच बोलतो, म्हणून इथे कधीच बोलत नाही. आधी 'ट्रान्सलेट'ने दहाही अंक बदलून घ्या. आणि नियम अट खरी नसली की बोलणाऱ्या 'असर्ट'ने लिहा, 'फरक ७८ किंवा ७९ असलाच पाहिजे'. मग काहीही बिनसलं तरी ओरडेल.

जुनाखोड
'७८ किंवा ७९' एवढ्याने भागणार नाही. शक बदलतो पाडव्याला, इसवी बदलतं जानेवारीत. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत फरक ७९च हवा. मे ते डिसेंबर ७८च हवा. मार्च-एप्रिलमध्ये पाडव्याच्या अलीकडे की पलीकडे यावर दोन्ही शक्य. महिना पाहून नियम लावा, नाहीतर जानेवारीच्या अंकावर पुढचा शक टंकला तरी बिनबोभाट पास होईल.

शाईपेन
जुनाखोड काका, काल रात्री तुमचा नियम लावला. ४० पैकी तीन अंक अडकले. दोनांत टंकणाऱ्याची चूक, दुरुस्त केली. तिसरा जानेवारी १९३३चा, फाइलीत शके १८५५. स्कॅन उघडलं तर मुखपृष्ठावरच शके १८५५ छापलंय! १८५४ हवं होतं. म्हणजे चूक छापखान्याची, ९० वर्षांपूर्वीची. बाईंनी अगदी बरोबर टंकलंय आणि आमचा स्कीमा त्यांना चुकीचं ठरवतोय. बाई म्हणतात, छापलंय तेच ठेवायचं, आपण मासिक सुधारायला बसलेलो नाही. मला त्यांचं पटतं. पण मग सूचीत हा अंक भलत्याच वर्षात जातो.

दूरदेशी
दोन्ही ठेवा. टीईआयमध्ये याचीच सोय आहे, छापलेलं रूप आणि दुरुस्त रूप शेजारी शेजारी. तुमच्या खुणांत:

<शके><मूळ>१८५५</मूळ><दुरुस्त>१८५४</दुरुस्त></शके>

व्याकरणात 'नुसता मजकूर, किंवा मूळ आणि दुरुस्त यांची जोडी' असं लिहा. स्कीमाट्रॉनचा नियम दुरुस्त रूप असेल तर ते पाहील, नसेल तर मजकूर. वाचकाला दिसेल ते मूळ.

शाईपेन
केलं. व्याकरण आता ६६ ओळींचं. बाईंना दाखवलं तर त्यांनी लगेच ऑगस्ट १९३६चा अंक काढला. त्यात एका कवितेच्या कवीचं नाव अनुक्रमणिकेत एक आहे आणि कवितेखाली दुसरंच. आज दुपारी त्यासाठी आठवा नियम लिहितेय.